ताईंच्या गिरणीचा गळा

आमच्या ताई, म्हणजे माझी मोठी नणंद, गोडदेवला पिठाची गिरणी चालवतात, आणि त्या गिरणीत घरच्या माणसाचा डबा शेवटी लागतो. हा नियम त्यांच्या यजमानांचा. ते जाऊन बरीच वर्षं झाली, नियम तसाच राहिला. लग्न होऊन आले तेव्हापासून माझा डबा फळीच्या टोकाला. आधी गिऱ्हाईक, मग शेजारी, मग मी. एकदा घरी पाहुणे आलेले आणि कणीक संपलेली, म्हणून मी म्हटलं, "ताई, एवढे दोन किलो मध्ये टाका ना." त्या मान वर न करता म्हणाल्या, "घरचं माणूस उपाशी राहिलं तर ओरडेल, पण कुठे जाणार नाही. गिऱ्हाईक ओरडत नाही, सरळ दुसरीकडे जातं." त्या दिवशी मी पाव आणून वेळ मारून नेली आणि आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. मी बोलत नाहीये हे त्यांच्या लक्षातच आलं नाही, ते मला जास्त लागलं.

आम्ही राहतो इंद्रलोकला. नवऱ्याचा भाईंदर पूर्वेलाच एका इंडस्ट्रियल इस्टेटीत छोटा गाळा आहे. तिथे लोखंडी दांडे जोडायचं काम चालतं, पण वेल्डिंगची कांडी नाही की काळी काच नाही. आमचं मशीन एक तुकडा गरागरा फिरवतं आणि दुसरा त्याच्यावर दाबत नेतं. घासून घासून दोघांची तोंडं लाल होतात, मऊ पडतात. मग फिरणं एकदम थांबवायचं आणि सगळा जोर लावून दाबायचं. मऊ झालेलं लोखंड जोडाच्या बाहेर येऊन दुमडतं, करंजीच्या कडेसारखं. इस्टेटीत सगळे त्याला नुसतं 'फ्रिक्शन' म्हणतात. मी तिथे गेले होते बिलं लिहायला. नवऱ्याची कंबर धरली आणि दाबाचं हँडल माझ्या हातात आलं, ते आलंच. आता तो मशीन लावून देतो आणि दाब मी देते. किती दाबायचं ते मला आवाजावरून कळतं. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाहीये. बरं, थोडी फुशारकी आहे.

तर त्या वर्षी, घटस्थापना तोंडावर आलेली असताना, ताईंची गिरणी बंद पडली.

गिरणीत दोन दगड असतात, एक बसका आणि एक फिरता. फिरता दगड बिडाच्या जाड थाळीवर आवळलेला असतो. त्या थाळीला मागे एक गळा असतो आणि गळ्यात शाफ्ट बसतो. तो गळाच अर्ध्यातून मोडला. दुसरा काही भाग असता तर बाजारात मिळाला असता, पण ही गिरणी बनवणारे केव्हाच दुकान बंद करून बसलेत. ओतकामवाल्याकडे गेलो तर तो म्हणाला, साचा करावा लागेल, दिवाळीनंतर या. नाक्यावरच्या ग्रिलवाल्याने बिचाऱ्याने कांडी मारून जोडून दिला. गिरणी चालू केली आणि पहिलं दळण पुरं व्हायच्या आत गळा पुन्हा निखळला.

आता दिवाळीच्या आधीचे दिवस म्हणजे गिरणीचा सुगीचा काळ. चकलीची भाजणी, लाडवाचं बेसन, अनारशाचं पीठ, सगळं त्याच दिवसांत. बायका डबे घेऊन येत आणि बंद शटर बघून परत जात. गुजराती शेजारीण रोज विचारायची, "बेन, चक्की कब चालू होगी?" ताई रोज सांगायच्या, "होगी, होगी." त्यांचं हिंदी एवढंच.

आणि भाचा, ताईंचा मुलगा, वाटच बघत होता. त्याला वाईट म्हणवत नाही. तो अंधेरीला ऑफिसात आहे, आईला चांगलं सांभाळतो. ताईंचे गुडघे गेलेत, पिठाने खोकला धरलाय, डॉक्टर कधीपासून बंद करा म्हणतायत. त्याने जागेसाठी एक मोमोवाला बघून ठेवला होता. त्या रविवारी आम्ही सगळे ताईंकडे जेवायला असताना त्याने विषय काढला. "आई, दिवाळीपर्यंत गिरणी चालू झाली तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही झाली तर पाडव्याला जागा देऊन टाकायची. बोल, आहे कबूल?"

ताई ताटात वरण कालवत होत्या. हात थांबला. "देऊन टाकीन रे," त्या म्हणाल्या. "पण मग सकाळी उठून मी जाऊ कुठे?"

  या बाईवर मी इतकी वर्षं चिडत आले, पण गिरणीशिवाय त्या कशा दिसतील हे मला डोळ्यापुढेच आणता येईना. माझ्या तोंडून निघून गेलं, "गाळ्यावर आणा थाळी. बघू आम्ही."

नवऱ्याने माझ्याकडे असं बघितलं की मी जणू त्याची किडनी देऊन टाकलीय. घरी येताना रिक्षात तो म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण. बीड आहे ते बीड. आपलं मशीन पोलाद जोडतं."

त्याचं बरोबर होतं. बीड म्हणजे ओतीव लोखंड. दिसायला दांडगं, पण आतून ठिसूळ. त्यात पेन्सिलीच्या शिशासारखं काळं काहीतरी भरलेलं असतं. पोलादाची तोंडं घासली की एकमेकांना धरतात. बिडाचं तोंड घासलं की ते काळं बाहेर येतं आणि तेल लावल्यासारखं सगळं सटकतं. वर घाईने तापवलं तर तडकतं, घाईने निववलं तरी तडकतं. ही दुसरी गोष्ट मला गाळ्यावर कोणी शिकवली नव्हती. ती ताईंनीच शिकवली होती. माझ्या लग्नात त्यांनी मला घावण्यांसाठी बिडाचा तवा दिला, रत्नागिरीहून आणलेला. देताना म्हणाल्या होत्या, "एकच लक्षात ठेव. तापल्या बिडाला पाणी दाखवायचं नाही." तो तवा अजून माझ्याकडे आहे, आणि तापला असताना मी त्याच्या आसपास ओला हातसुद्धा नेत नाही.

आम्ही भंगारातून बिडाचे तुकडे आणले आणि सुरुवात केली. विचार असा की थाळीच्या उरलेल्या गळ्याचं तोंड सपाट करायचं, त्यावर पोलादाचा दांडा घासून दाबून जोडायचा आणि मग लेथवर त्या दांड्याला भोक पाडून नवा गळा करायचा. पहिले तुकडे हातोडीच्या एका टोल्यात सुटले. तोंडं बघितली तर काजळ घातल्यासारखी काळी. नवरा म्हणाला, "सांगितलं होतं." मी म्हटलं, "सांगत राहू नका, दुसरा लावा." मग आम्ही बीड आधी भट्टीत तापवून घ्यायला लागलो. घासणं लांबवलं, नेहमीपेक्षा बरंच. ते काळं सगळं बाहेर फेकलं जाऊन कडेला येईपर्यंत मी हँडल सोडत नव्हते. त्याचा एक आवाज असतो. आधी कुरकुर, मग जरा घोगरा, आणि मग एकदम भरल्यासारखा. भरला की थांबवायचं आणि अंगातला सगळा जोर लावायचा. जोड झाला की तुकडा गरम राखेच्या पिंपात पुरायचा, वरून गोणपाट, आणि विसरून जायचं. निवेपर्यंत.

एका संध्याकाळी नवऱ्याने असा एक निवलेला तुकडा पकडीत धरला आणि हातोडी घातली. एक, दोन, तीन टोले. मोडला, पण जोडावर नाही. बीड मोडलं आणि जोड तसाच राहिला. नवरा तो तुकडा हातात घेऊन बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "चहा टाक." हे त्याचं कौतुक.

अष्टमीला दुपारी आम्ही ताईंची थाळी लावली. आवाज भरला, मी दाबलं, जोड बसला. बाहेर आलेली कडा एकसारखी गोल होती. थाळी राखेत पुरली. मी नवऱ्याला म्हटलं, "उद्या संध्याकाळपर्यंत कोणी हात लावायचा नाही." तो म्हणाला, "मला काय सांगतेस."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी गाळ्यावर काम नसतं. मशीन पुसून, फुलं घालून, पाटावर पाने, हातोड्या, पकडी मांडून पूजा. सकाळी ताई आल्या, सोबत भाचा. ताईंना नऊ दिवसांचा उपास, तरी हातात नारळ आणि झेंडूची फुलं. त्यांनी पाटावर एक नजर टाकली आणि विचारलं, "माझी थाळी कुठेय?"

"राखेत आहे, ताई. अजून गरम असेल."

"आजच्या दिवशी गिरणीला हळदकुंकू लागलं नाही असं एकही वर्ष गेलं नाही. ते होते तेव्हापासून."

"संध्याकाळी लावा ना. मी स्वतः घेऊन येते."

"पूजा संध्याकाळी करतात होय?"

मी नवऱ्याकडे बघितलं. बायकोसमोर हा वाघ, पण मोठ्या बहिणीसमोर याची मांजर होते. "ताई म्हणतेय तर पाच मिनिटं काढू," तो म्हणाला. "नुसती ठेवायची तर आहे." हातमोजे घालून त्याने थाळी काढली, राख झटकली आणि पाटावर ठेवली. बाहेरून ती राखाडी, गप्प, अगदी थंड दिसत होती. ताईंनी लांबूनच हळदकुंकू टाकलं, फूल ठेवलं. मी म्हटलं झालं. मी उदबत्ती पेटवायला वळले.

ताईंनी उंबऱ्यावर नारळ फोडला आणि जसं दरवर्षी करतात तसं, हात वाटीसारखा धरून ते पाणी सगळ्यांवर शिंपडलं. मशीनवर, हातोड्यांवर, पकडींवर. आणि थाळीवर जरा जास्तच, प्रेमाने.

टिंग.

एवढाच आवाज. भाच्याला वाटलं चमचा पडला. नवऱ्याला आणि मला कळलं. आणि ताईंनाही कळलं, कारण त्यांचा ओला हात तसाच हवेत राहिला. जोडाच्या खालून, बिडातून, केसाएवढी एक रेघ गेली होती.

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे आमच्या इमारतीत लिफ्टवाल्यालाही ठाऊक आहे. सगळं तोंडापर्यंत आलं होतं. सांगितलं होतं ना. पाच मिनिटं म्हणे. इतके दिवस मी खांदे मोडून घेतले ते कशासाठी. पण त्याआधीच ताई म्हणाल्या, "तवा देताना मीच तुला सांगितलं होतं." आणि त्या तिथेच, रिकाम्या खोक्यावर बसल्या. भाचा जवळ जाऊन म्हणाला, "जाऊ दे ना आई." तो मायेनेच म्हणाला, पण मला त्याचं ते 'जाऊ दे' ऐकवेना. ताईंनी त्याच्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं.

"परत होईल का गं?"

इतक्या वर्षांत या बाईने मला कधी काही विचारलं नव्हतं. सांगितलं होतं पुष्कळ. माझा राग कुठे गेला ते मलाही कळलं नाही. मी खरं तेच सांगितलं. तडकलेला भाग कापून टाकला तर थाळीच्या पाठीवर बोटभर गळा उरतो. त्यावर पुन्हा जोडता येईल. पण ते शेवटचं. त्यानंतर धरायला काही उरणार नाही.

"मग दसरा होऊ दे," ताई म्हणाल्या. नारळाचं खोबरं त्यांनी कोणाला वाटलं नाही, तसंच पिशवीत घालून नेलं.

दसऱ्यानंतर आम्ही दुसऱ्यांदा लावलं.  आवाज भरला असं वाटलं तेव्हा मी अजून थोडं थांबले, नवरा ओरडला तरी थांबले, आणि मग दाबलं. थाळी राखेत गेली. मी हात धुऊन वळते तर ताई दारात. बसायला प्लास्टिकचं स्टूल, मांडीवर घ्यायला सूप आणि निवडायला पिशवीभर गहू. रिक्षाने आल्या होत्या. राखेच्या पिंपाशेजारी स्टूल टाकून त्या बसल्या ते बसल्याच.

"ताई, इथे उकडतंय. घरी जा."

"तुझं काम कर."

संध्याकाळी नवऱ्याने सहज गोणपाटाला हात घातला तर त्यांनी त्याच्या मनगटावर सुपाची कड मारली. लहानपणी मारायच्या तशीच असावी, कारण तो लगेच मागे झाला. गाळा बंद करायची वेळ झाली तेव्हा त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं की सकाळी त्या आल्याशिवाय मी कुलूप काढणार नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच स्टूल, तेच सूप. गहू निवडून संपले होते, तेच पुन्हा निवडत होत्या. मी मशीनवर, त्या पिंपाशी.  दुपारी डबा उघडला तेव्हा त्यांनी त्यांची भाजी माझ्या झाकणात वाढली. मी माझी त्यांच्या झाकणात.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या म्हणाल्या, "आता बघ." मी राख बाजूला केली, हाताची पाठ लावली, मग तळवा. माठासारखी थंड होती. नवऱ्याने छोट्या हातोडीने कडेकडेने ठोकून बघितलं. सगळीकडून एकच भरीव आवाज आला.

लेथवाल्याने भोक पाडून दिलं, दगडांच्या झिजलेल्या खाचांना टाकी घालून घेतली, आणि धनत्रयोदशीच्या किती तरी आधी गोडदेवचं शटर वर गेलं. पहिल्या दळणात दगडाची कच येते, म्हणून ताईंनी आधी ज्वारी घातली आणि ते पीठ गाईसाठी बाजूला ठेवलं. मी थाळीच्या आवाजाकडे कान लावून उभी होते. तो घुमत राहिला, बदलला नाही. गुजराती शेजारीण सगळ्यांत आधी आली, बेसनाचा डबा घेऊन. मग रांगच लागली. भाचा ऑफिसातून लवकर आला होता. थोडा वेळ दारात हात बांधून उभा राहिला, मग बाह्या वर करून डबे उचलून द्यायला लागला. मोमोवाल्याचं नाव त्याने परत काढलं नाही. बोलल्याला जागणारा मुलगा आहे.

आणि माझ्या भाजणीचा डबा? फळीच्या टोकाला. मीही काही बोलले नाही. रात्री चकल्या तळायला बसले तेव्हा नवरा म्हणाला, "गळा तू जोडलास आणि डबा शेवटीच." मी म्हटलं, "गिऱ्हाईक दुसरीकडे जातं हो. मी कुठे जाणार."

यंदाच्या खंडेनवमीला आम्ही सगळे ताईंकडेच जमलो, गिरणीत. आदल्या दिवशीपासून गिरणी बंद होती, धुऊन पुसून ठेवलेली. ताईंनी हळदकुंकू वाहिलं, गळ्यावर झेंडूची माळ घातली. पायरीवर नारळ फोडला, पण पाणी हातावर न घेता वाटीत धरलं. वाटी घेऊन त्या गिरणीपाशी आल्या आणि थांबल्या.

"हात लावून बघ गं."

"ताई, कालपासून बंद आहे."

"बघ तरी."

मी माळ सारून जोडावर तळवा ठेवला. अंगठ्याला ती गोल कडा लागली. "थंड आहे," मी म्हटलं. तरी त्यांनी पाणी शिंपडलं नाही. बोट बुडवून एकच थेंब ठेवला आणि आम्ही दोघी कान देऊन उभ्या राहिलो. बाहेर शेअर रिक्षावाला मीरा रोड, मीरा रोड ओरडत होता. आत काही वाजलं नाही.

ताईंनी श्वास सोडला. वाटीत प्रसादाचं पाणी उरलं होतं. भाच्याने नेहमीसारखा हात पुढे केला, तर त्या म्हणाल्या, "थांब. आधी तिला."